मेजावरची रिकामी जागा

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझा फोन आला तेव्हा मी दळण घेऊन गिरणीत उभी होते, त्या घरघरीत धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र. आपल्या कॉलेजच्या ग्रंथालयात दर महिन्याला एक ग्रंथप्रदर्शन आणि विद्यार्थ्यांसाठी बातम्यांचा फलक, एवढं काम तुझ्याकडे आलंय. सुरुवात कोणत्या जयंतीपासून करू, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर पहिलं प्रदर्शन जयंतीचं करू नकोस.

जयंतीची प्रदर्शनं मी वर्षानुवर्षं केली. मेजावर पांढरी चादर, मधोमध तसबीर, हार, बाजूला पुस्तकं, आणि पुढे माझ्याच अक्षरातली पाटी : ‘पुस्तकांना हात लावू नये’. पाहुणे यायचे, फीत कापायचे, फोटो निघायचे. संध्याकाळी आपले शिपाई मामा सगळी पुस्तकं परत कपाटात लावायचे. एकदा साठा पडताळणीत मी त्याच पुस्तकांच्या तारीख चिठ्ठ्या बघितल्या. काही पुस्तकं पाच-सहा वर्षं दर जयंतीला मेजावर आली होती आणि एकदाही कोणाच्या घरी गेली नव्हती. पाटी माझी होती, त्यामुळे चूकही माझीच होती. त्या दिवसापासून ती पाटी मी लावली नाही.

बी.लिब.ला, म्हणजे ग्रंथालयशास्त्राच्या पदवीला, रंगनाथनांची पाच सूत्रं आपण सगळ्यांनी पाठ केलीत. गणिताचा हा प्राध्यापक १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि १९३१ मध्ये त्याने ती सूत्रं पुस्तकरूपाने मांडली. परीक्षेत आपण ‘प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ’ यावर पानं भरतो. त्याच्या पुढचं, तिसरं सूत्र, ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’, ते मात्र दोन ओळींत उरकतो. तुझं मेज हे त्या तिसऱ्या सूत्राचं काम आहे. वाचक मागणी चिठ्ठी भरतो तेव्हा त्याला हवं ते माहीत असतं. ज्या पुस्तकाचं नावच कोणाला माहीत नाही, त्याची चिठ्ठी कोण भरणार? आपल्याकडे अजून बहुतेक कपाटं काउंटरच्या मागे आहेत. मुलांना पुस्तक हाताळायला मिळतं अशी जागा म्हणजे ते एक मेज.

आता विषय कसा निवडायचा ते सांगते, कारण सगळी गोम तिथेच आहे. वर्गीकरणाने आपण पुस्तकं शिस्तीत लावतो, पण त्या शिस्तीत एकाच प्रश्नाची पुस्तकं दहा कपाटांत विखुरतात. पाण्याचंच घे. माणदेशातल्या कॉलेजात पाण्यापेक्षा जवळचा विषय कोणता? भूजलाचं पुस्तक ५५१ या वर्गांकाला, म्हणजे विषयाच्या क्रमांकाला, ठिबकचं ६३१ला, पाण्याच्या कायद्याचं ३४६ला, दुष्काळावरची कविता ८९१.४६१ला, चवदार तळ्याच्या सत्याग्रहाचा इतिहास ९५४ला. भूगोलाचा मुलगा कवितेच्या कपाटाकडे फिरकत नाही, मराठीची मुलगी भूशास्त्राकडे जात नाही. त्यांची गाठ घालून देणं हे प्रदर्शनाचं काम.

एका मार्चमध्ये मी हे करून बघितलं. २२ मार्च हा जागतिक जल दिन, आणि महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं गेलं तो दिवस २० मार्च १९२७. दोन्ही तारखा शेजारी-शेजारी. एक सांगते पाणी किती आहे, दुसरी विचारते ते कोणाला पिऊ दिलं जातं. दोन्ही प्रश्न मी एकाच मेजावर ठेवले. १९७२च्या दुष्काळावरचं पुस्तक ठेवलं, रोजगार हमीवरचं ठेवलं. जोतीराव फुल्यांचा १८८३चा ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवला आणि त्यात चिठ्ठी घातली : ‘पावसाचं पाणी शेतात मुरावं म्हणून पोलीस आणि लष्करातल्या शिपायांकडून बंधारे बांधून घ्या, असं फुले सरकारला सांगतात. ते पान शोधा.’ पान क्रमांक मुद्दाम लिहिला नाही. शोधता शोधता मुलं बाकीचंही वाचत होती.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. वर्षभर त्याने स्पर्धा परीक्षेच्या गाईडांपलीकडे काही नेलं नव्हतं. मेजावरून त्याने भूजलाचं पुस्तक उचललं, उभ्यानेच चाळलं आणि विचारलं, “मॅडम, पाणाड्या नारळ घेऊन फिरतो त्याबद्दल यात काही आहे का?” घरी तिसरी बोअर मारायची होती, आधीच्या दोन कोरड्या गेल्या होत्या. त्या पुस्तकात पाणाड्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी कुठे आहे ते सांगणारा माणूस, नव्हता. पण आपल्या काळ्या दगडात पाणी भेगांत आणि झिजलेल्या थरात साठतं, सगळीकडे सारखं नसतं, हे होतं. तो पुस्तक घेऊन गेला. पाणाड्यावर आणि भूजल शोधण्याच्या पद्धतींवर मराठीत सोपं असं आपल्याकडे काहीच नाही, हे मला त्या दिवशी कळलं. पुढच्या ग्रंथालय समितीच्या बैठकीत खरेदीच्या यादीत तो विषय मी सगळ्यात वर लिहिला. म्हणून मेजाजवळ एक वही ठेव. कोणी काय विचारलं आणि आपल्याकडे काय नव्हतं, ते त्यात लिही. प्रकाशकांच्या याद्यांपेक्षा ती वही खरेदीला जास्त उपयोगी पडते.

आणि पुस्तक मेजावरूनच देऊन टाक. “प्रदर्शन संपल्यावर या” असं चुकूनही म्हणू नकोस. आपली अर्धी मुलं एसटीची आहेत. तास संपल्यापासून गाडी लागेपर्यंत त्यांच्याकडे दहा-पंधरा मिनिटं असतात. आज मन झालं आणि आज पुस्तक मिळालं नाही, तर ते मन उद्या राहत नाही. मेजावर जागा रिकामी झाली की तिथे दुसरं पुस्तक ठेव. आठवड्यात जागा रिकामी होतच नसेल तर विषय चुकला असं समज आणि खुशाल बदल. प्राचार्यांना अहवाल देताना किती जणांनी भेट दिली हे लिहिशीलच, पण किती पुस्तकं घरी गेली हेही त्याखाली लिही. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइलमध्ये फोटो लागतात, ते लाव. काम मात्र देवघेवीच्या आकड्यावरच जोख.

बारीकसारीक गोष्टी. वीस-पंचवीस पुस्तकं पुरेत. मुखपृष्ठ समोर दिसलं पाहिजे. जाड ग्रंथांच्या मध्ये पातळ पुस्तकं पेर, कारण पहिला हात पातळ पुस्तकाला जातो. मेज दारातून आत येताना डाव्या हाताला, जिथे काउंटरची रांग उभी राहते तिथे ठेव. रांगेतल्या माणसाला बघायला काहीतरी हवंच असतं. पुस्तकं निवडताना मामांना विचारायला विसरू नकोस. कोणतं पुस्तक कुठल्या कपाटाच्या मागे पडलंय आणि कोणाच्या फाटलेल्या पानांना त्यांनी चिकटपट्टी लावलीय, हे कॅटलॉगला माहीत नसतं, त्यांना असतं.

एका बाबतीत मात्र हे सगळं उलटं कर. मासिक पाळी, नैराश्य, घरातलं व्यसन, प्रेमसंबंध, अशा विषयांची पुस्तकं मोठ्या पाटीखाली काउंटरसमोर मांडू नकोस. मी एकदा मांडली होती. मुली लांबून बघायच्या आणि निघून जायच्या. सगळ्यांच्या नजरेसमोर ते पुस्तक उचलणं म्हणजे आपलं दुखणं जाहीर करणं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. मग तीच पुस्तकं मी मुलींच्या वाचनकक्षातल्या कोपऱ्यातल्या रॅकवर आहार, व्यायाम, प्रथमोपचार यांच्या पुस्तकांत मिसळून ठेवली, पाटी नाही, काही नाही. ती जाऊ लागली. काही परत यायला उशीर झाला, दंड मी माफ करून घेतला. काउंटरवर ते पुस्तक देताना नाव मोठ्याने वाचू नकोस आणि चेहऱ्याकडे रोखून बघू नकोस.

जयंत्या नकोतच असं मी म्हणत नाही. ३ जानेवारी (सावित्रीबाई फुले), २७ फेब्रुवारी (कुसुमाग्रज), १२ ऑगस्ट (रंगनाथन), १५ ऑक्टोबर (अब्दुल कलाम) हे दिवस येणारच. फक्त त्या दिवशीही मेज जिवंत ठेव. सावित्रीबाईंच्या तसबिरीपुढे त्यांची चरित्रं असतातच. त्यांच्या शेजारी १८५४चं त्यांचं स्वतःचं ‘काव्यफुले’ उघडून ठेव, आणि मुलींच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाची माहितीही तिथेच लाव.

आता फलकाकडे येते. फलकावर कात्रणांची गर्दी करू नकोस, पाच-सहा बास. प्रत्येक कात्रणाच्या कोपऱ्यात ते कधी काढायचं ती तारीख लिही आणि त्या दिवशी काढच. पिवळं पडलेलं एक कात्रण राहिलं की मुलं आख्ख्या फलकाकडे बघायचं सोडतात. बातमीखाली तिच्याशी जुळणाऱ्या पुस्तकाचा वर्गांक लिही. डाळिंबावरच्या तेल्या रोगाची बातमी असेल तर खाली ६३४ आणि कपाट क्रमांक. बातमी वाचून झाल्यावर माणूस दोन पावलं पुढे कपाटाकडे गेला पाहिजे. मराठी विश्वकोश आणि राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची कितीतरी पुस्तकं नेटवर फुकट वाचता येतात, हे आपल्या मुलांना ठाऊक नसतं. त्यांचे क्यूआर कोड छापून फलकावर कायमचे लाव.

शेवटच्या तारखांबद्दल जे सांगते ते नीट वाच. शिष्यवृत्तीच्या अर्जाची एक मुदत मी व्हॉट्सअॅपवर आलेल्या संदेशावरून फलकावर लिहिली होती. घाई होती, मूळ परिपत्रक उघडून बघितलं नाही. खरी मुदत दोन दिवस आधीची निघाली. तीन मुली माझ्या तारखेवर विसंबून आल्या. दोघींचं कसंबसं जमलं, एकीचं राहिलं. ती भांडली नाही. “मॅडम, फलकावर होतं ना,” एवढंच म्हणाली. तिच्या वर्षभराच्या प्रवासाचे पैसे त्यात होते. त्यानंतर मी नियम केला : मूळ परिपत्रक किंवा अधिकृत संकेतस्थळ स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही तारीख लिहायची नाही, आणि तारखेखाली ‘कुठे पाहिलं, कधी पाहिलं’ हे दोन शब्दांत लिहायचं. मोबाईलवर शंभर तारखा फिरत असतात. ग्रंथालयाच्या फलकावर आहे म्हणून मुलं ती खरी धरतात.

पहिल्या महिन्यासाठी विषय सुचव म्हणालीस. जूनमध्ये पहिल्या वर्षाची मुलं येतील. त्यांतली बरीचशी पहिल्यांदाच एवढी पुस्तकं एका जागी बघतील. मेंढपाळांची मुलं असतील, ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली असतील. ‘आपला तालुका’ असं एक मेज लाव. जिल्ह्याचं गॅझेटियर, इथल्या बोलीतल्या कथा, डाळिंब, मेंढीपालन, इथल्या देवस्थानांची पुस्तकं, जुना नकाशा. आपलं गाव छापील पुस्तकात सापडल्यावर मुलाचा चेहरा कसा होतो, ते तू बघशीलच.

माझ्या हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा पत्र्याचा डबा घरी आहे, विषयवार लावलेला. रविवारी ये, घेऊन जा. त्यातल्या ‘पाणी’च्या चिठ्ठ्या जुन्या झाल्यात, त्या तुझ्या अक्षरात नव्याने लिही. आणि मेजाचा मागचा उजवा पाय हलतो, पुस्तकं मांडण्याआधी सुताराला दाखव.

तुझी,
मॅडम