मृग नक्षत्रातला तेजोमेघ (वायू आणि धुळीचा ढग) फोटोत लाल, मग पुण्यातून दुर्बिणीत राखाडी का? आणि तारे तिथे खरंच जन्मतात का?

दुर्बिणीत दोष नाही. एवढ्या मंद उजेडात डोळ्याला रंग कळत नाहीत, म्हणून तो राखाडी दिसतो. कॅमेरा उजेड साठवतो, तेव्हा हायड्रोजनचा लाल उमटतो. तारे मात्र तिथे खरंच जन्मतात. सुमारे १,३५० प्रकाशवर्षांवरच्या या ढगातल्या थंड, दाट गाठी स्वतःच्याच गुरुत्वाने आत कोसळतात. गाभा सुमारे एक कोटी अंशांवर गेला की हायड्रोजनचं हेलियम होऊ लागतं, आणि तारा जन्मतो. मधला चार ताऱ्यांचा चौकोन दुर्बिणीतून ५० पट मोठा करून पाहिला की सुटा दिसतो, त्यांचेच अतिनील किरण ढग उजळवतात. पण प्रत्येक तेजोमेघ बाळंतघर नसतो: स्वरमंडळ तारकासमूहातला कंकणाकृती मेघ हे मरत्या ताऱ्याने टाकलेलं कवच आहे. जानेवारीत, अमावास्येच्या आसपास, कोथरूडची गच्ची सोडून पानशेतकडे जा. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून आधी वीस मिनिटं मोबाइल बंद.