छोटी अळंबी ओळखायची तर आधी उलटी करून बघा

ताम्हिणीतल्या कुजक्या ओंडक्यावरच्या अळंबीचा, ‘ही कुठली?’ म्हणून टाकलेला तुमचा फोटो बघितला, मस्त आलाय, पण तो बरोबर वरून काढलाय आणि राखाडी-तपकिरी रंगाची, कडेला रेघा असलेली बारीक टोपी एवढ्यावरून नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचेच. रंगावर तर जाऊच नका, कित्येक छोट्या जाती ओल्या असताना गडद आणि जरा वाळल्या की एकदम फिकट दिसतात.

माझा संशय दोघींवर आहे, मायसेना गटातली एखादी नाहीतर कोप्रिनेलस डिसेमिनॅटस ही जात. दोन्ही कुजक्या लाकडावर येतात, दोन्हींच्या टोपीवर रेघा. एक कोवळी आणि एक पूर्ण उमललेली तोडून उलटी करा. गिल्स, म्हणजे टोपीखालच्या पातळ पट्ट्या, आधी पांढऱ्या, मग राखाडी आणि शेवटी काळपट होत गेलेल्या दिसल्या तर कोप्रिनेलस, ही सहसा शेकड्यांनी ओंडकाभर पसरते आणि लेन्समधून कोवळ्या टोपीवर बारीक लव दिसते. पण मायसेनातही राखाडी गिल्स असतात, म्हणून खरा निकाल स्पोअर प्रिंटचा, म्हणजे गिल्समधून गळणाऱ्या बीजाणूंच्या पावडरीचा कागदावर उठणारा छाप. देठ कापायचा, टोपी गिल्स खाली करून अर्ध्या काळ्या अर्ध्या पांढऱ्या कागदावर ठेवायची, वर वाटी पालथी घालायची आणि रात्रभर हात लावायचा नाही. नुसत्या पांढऱ्या कागदावर ठेवून प्रिंट आलाच नाही म्हणणारे खूप भेटतात, अहो पांढरी पावडर पांढऱ्यावर दिसणार कशी! मायसेनाचा प्रिंट पांढरा, कोप्रिनेलसचा काळपट.

रात्री लाइट बंद करून पण एकदा बघा, मायसेनाच्या काही जाती हिरवट चमकतात, मात्र सगळ्या नाही, त्यामुळे चमकली नाही म्हणून मायसेना बाद होत नाही.

फोटोखालच्या कमेंटमध्ये कोणीतरी ही मॅरास्मियस म्हणलंय, ती पण अशीच एक छोटी अळंबी. तिचा देठ घोड्याच्या केसासारखा चिवट, वाकवला तरी सहसा तुटत नाही, मायसेनाचा बहुतेक वेळा कटकन मोडतो. शिवाय वाळलेली मॅरास्मियस पाण्यात टाकली की परत टवटवीत होते.

आणि खायचं विचारलंय त्यांना, नको. वारुळाजवळ येणारी बारीक पांढरी टर्मिटोमायसिस लोक खातात ते खरं, पण गॅलेरिनाच्या काही जाती पण अशाच छोट्या, तपकिरी, लाकडावरच्या असतात आणि त्यांचं विष लिव्हर निकामी करतं, शिजवूनही जात नाही.

आता गिल्सचा, देठाच्या बुडख्याचा आणि अख्ख्या ओंडक्याचा फोटो टाका, शेजारी नाणं ठेवून. प्रिंट काळपट आला तर नाव बऱ्यापैकी पक्कं सांगता येईल, पांढरा आला तर बहुतेक मायसेनापाशीच थांबावं लागेल, पुढची जात ठरवायला मायक्रोस्कोप लागतो.