मासेमारीचा कोटा विकता येतो, म्हणजे समुद्रातला मासा कुणाच्या मालकीचा होतो का?

नाही. मालकी माशाची नसते, एकूण पकडीतल्या वाट्याची असते. यंदा किती टन मासा काढायचा हे सरकार ठरवतं. तुमचा वाटा २ टक्के असेल तर त्यातले २ टक्के तुमचे. मर्यादा खाली आली की तुमचे टनही घटतात. न्यूझीलंडने १९८६ मध्ये विकता येणारे कोटे आणले, तेव्हा ते ठरावीक टनांचे होते; १९९० मध्ये ते असे टक्क्यांतले झाले.

फायदा अलास्कातल्या हॅलिबट या मोठ्या चपट्या माशाच्या मासेमारीत स्पष्ट दिसला. तिथे एकूण मर्यादा होती, पण वाटे नव्हते. जो आधी पकडेल त्याचा मासा, त्यामुळे हंगाम आटत आटत बऱ्याच भागांत वर्षाला दोन-तीन दिवसांवर आला. हवा कितीही खराब असो, बोटी निघायच्याच. सगळा मासा एकदम धक्क्यावर आला की बराचसा गोठवावा लागे. १९९५ मध्ये वाटे दिले आणि हंगाम आठ महिन्यांचा झाला. ताजा मासा विकता येऊ लागला.

माझा आक्षेप आहे तो पहिल्या वाटपाला. वाटे बहुतेक ठिकाणी जुन्या पकडीच्या नोंदी पाहून बोटमालकांना फुकट मिळाले, त्याच बोटींवर राबणाऱ्या खलाशांच्या हाती सहसा काहीच आलं नाही. पुढे मोठे मालक वाटे विकत घेत जातात आणि छोट्या बंदरांतलं काम जातं. म्हणून एकाकडे किती वाटा असावा यावर कमाल मर्यादा हवीच. अलास्काच्या हॅलिबट पद्धतीत ती सुरुवातीपासून होती.