लेझर केल्यावर थेंब सुटतील का?

प्रश्न : आमच्या ह्यांचं वय ६३. महापे एमआयडीसीतल्या कंपनीतून निवृत्त झालेत. दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. दोन प्रकारचे थेंब चालू आहेत, तरी डोळ्यांतलं प्रेशर २४च्या खाली उतरत नाही. डोळे लाल होतात म्हणून मधूनच थेंब टाळतात. आता डॉक्टर एसएलटी लेझर करू म्हणतात. शेजारी सांगतात, काचबिंदूला हात लावला की होती ती नजरही जाते. करावं का? नंतर थेंब सुटतील का? – एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, आधी शेजाऱ्यांचं. नौपाड्यातल्या माझ्या दवाखान्यात ही भीती घेऊन आलेला माणूस भेटला नाही असा आठवडा जात नाही. नजर जाते ती काचबिंदूने, आणि पुष्कळदा उपचाराला उशीर झाल्याने. शेवटच्या टप्प्यावर आलेल्याची नजर पुढे गेली, की बोल उपचाराला लागतो.

डोळ्याच्या आत सतत पाणी तयार होतं. हे अश्रू नव्हेत. बुबुळाच्या कडेला, कोनात, एक बारीक जाळी असते, तिच्यातून ते बाहेर पडतं. जाळीतून निचरा मंदावला की आतलं प्रेशर चढतं आणि मेंदूकडे जाणारी नस दबत जाते. एसएलटीत हिरव्या प्रकाशाचे अतिशय छोटे ठोके, एकेक ठोका सेकंदाच्या काही अब्जांश भागांइतका, त्या जाळीवर दिले जातात. जाळीतल्या रंगद्रव्य असलेल्या पेशी तेवढ्या ते शोषतात. शरीर मग तिथली साफसफाई करतं आणि निचरा सुधारतो. १९७९ पासून वापरात आलेल्या जुन्या आर्गॉन लेझरने जाळीवर भाजल्याचे डाग पडत, म्हणून ते पुन्हा करणं अवघड असे. एसएलटीने तसं भाजत नाही, गरज पडली तर पुन्हा करता येतं.

थेंब सुटतील का, याचं उत्तर मी तुम्हाला गोड करून देणार नाही. ब्रिटनमधला ७१८ रुग्णांचा अभ्यास २०१९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. ज्यांना सुरुवातीलाच एसएलटी दिलं, त्यांच्यातल्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना तीन वर्षांनी थेंबांची गरज नव्हती. त्यानंतर २०२२ मध्ये तिथल्या मार्गदर्शक सूचनांत लेझरला पहिला उपचार म्हणून स्थान मिळालं. पण ते रुग्ण नव्याने निदान झालेले, आधी थेंब न घेतलेले होते. तुमचे यजमान दोन थेंबांवर आहेत. लेझरने साधारण २० ते ३० टक्के प्रेशर उतरतं, आधीच थेंब चालू असतील तर अनेकदा त्याहून कमी. एक बाटली कमी झाली तरी मी तो चांगला निकाल मानीन. लेझरच्या दिवशीच थेंब बंद करू नका. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि तोवर प्रेशर वरच राहतं. तो परिणाम कायमचाही नसतो, काही वर्षांनी ओसरू शकतो, म्हणून तपासण्या चुकवू नका.

लेझर म्हणजे ऑपरेशन थिएटर नव्हे. बधिर करणारे थेंब, डोळ्यावर टेकवलेली भिंग, हनुवटी यंत्रावर, आणि पाचेक मिनिटं. घरी सोडण्याआधी तासाभराने प्रेशर पाहतात, कारण काहींचं तात्पुरतं चढतं. नजर काही तास धूसर राहते, तेव्हा ह्यांना स्कूटरवर बसू देऊ नका, मुलाला सोबत न्या किंवा रिक्षा करा.

गेलेली नजर यातून परत येत नाही, हे त्यांना लेझरच्या आधीच सांगा. नाहीतर 'करून काय फायदा झाला' म्हणून तपासणीच बंद होते. आणि डोळे लाल होतात हे डॉक्टरांपासून लपवू नका. प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंबही मिळतात. दमा असेल तर तोही सांगा, काचबिंदूसाठी देतात ते टायमोलॉलचे थेंब दम्याच्या रुग्णाला घातक ठरू शकतात. काचबिंदू घराण्यातून येतो, म्हणून त्यांच्या सख्ख्या भावंडांची आणि तुमच्या मुलांची तपासणीही करून घ्या.

प्रश्न : आईला (५८) नीट दिसतं, तरी डॉक्टर म्हणतात कोन अरुंद आहे, लेझरने छिद्र पाडू. हे एसएलटीच का? – एक वाचक, कळवा

उत्तर : नाही. यात याग लेझरने बुबुळात सुईच्या टोकाएवढी वाट करतात, म्हणजे पाण्याचा निचरा होतो तो कोन अचानक बंद होऊन प्रेशर एकदम चढण्याचा धोका कमी होतो. कोन भिंग लावून तपासला का, एवढं विचारा. आपल्याकडे अरुंद कोन बराच आढळतो, त्यामुळे सल्ला वावगा नाही. लेझर होईपर्यंत सर्दीच्या आणि प्रवासात उलटीसाठीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आईला देऊ नका. डोळा ठणकला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, मळमळलं, तर पित्त समजून रात्र काढू नका, त्याच तासाला डोळ्यांच्या रुग्णालयात न्या.