दोन पाण्यांमधली वस्ती: देवबागच्या मुक्कामाविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचे गाव रावेर तालुक्यात असून आमची केळीची शेती आहे. लेक आणि जावई अमेरिकेत टेक्सासमध्ये असतात. त्यांनी गॅल्व्हेस्टन नावाच्या बेटावरच्या गावात चार दिवस काढले आणि तिथले फोटो पाहिल्यापासून घरात सर्वांनाच तशा ठिकाणी जाऊन राहण्याची ओढ लागली आहे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला संथ पाणी आणि मध्ये गाव, असे ठिकाण आपल्याकडे आहे काय? आम्ही पाच जण आहोत. त्यांत आई ७२ वर्षांची आणि माळकरी आहे. कोणी मालवणजवळचे देवबाग सुचवले म्हणून बेत असा आखला आहे: पहिल्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, दुसऱ्या दिवशी गोवा, तिसऱ्या दिवशी वेंगुर्ले आणि सावंतवाडी, चौथ्या दिवशी कुणकेश्वर आणि विजयदुर्ग, पाचव्या दिवशी परतीचा प्रवास. हेतू विश्रांतीचा आहे. कधी जावे, कसे जावे आणि आईच्या जेवणाचे काय करावे?

उत्तर: ‘हेतू विश्रांतीचा आहे’ हे आपले वाक्य आणि त्याच्या आधीचा बेत यांचे एकमेकांशी पटत नाही. या बेताने गेलात तर आपल्या मातोश्रींना समुद्रापेक्षा गाडीची खिडकीच अधिक दिसेल. म्हणून गोवा, सावंतवाडी आणि विजयदुर्ग ही नावे आधी खोडावीत आणि पाचही दिवसांचा मुक्काम एकाच घरी ठेवावा. देवबाग हे नाव मात्र ज्यांनी कोणी सुचवले त्यांनी अगदी योग्य सुचवले आहे.

शाळेच्या भूगोलात आपण वाळूचा दांडा आणि त्याच्या मागचे खाजण शिकलो होतो. असा दांडा किनाऱ्याला समांतर पसरून कायमचा पाण्यावर राहिला आणि त्यावर माणसे वसली, की गॅल्व्हेस्टनसारखे बेट होते. टेक्सासच्याच किनाऱ्यावरचे पाद्रे बेट सुमारे १८० किलोमीटर लांब असून या प्रकारच्या बेटांत ते जगात सर्वांत लांब आहे. त्या मापाचे बेट आपल्या कोकणात नाही. पण मालवणच्या दक्षिणेला तारकर्ली आणि तिच्या पुढे देवबाग अशी जी वाळूची पट्टी गेली आहे, तिच्या पश्चिमेला अरबी समुद्र आणि पूर्वेला कर्ली नदी आहे, आणि पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. उत्तरेकडून ती जमिनीला जोडलेली आहे, म्हणून तिला बेट म्हणता येत नाही, जीभ म्हणावे लागते. काही ठिकाणी ती इतकी अरुंद आहे की पुढच्या अंगणात लाटांची गाज ऐकावी आणि मागच्या दाराने खाडीवर जावे. आपली तापीही याच समुद्राला मिळते, पण पार सुरतेपुढे, त्यामुळे नदीचा शेवट पाहण्याचा योग आपल्या लोकांना सहसा येत नाही. तो इथे येईल.

अशी जमीन जितकी देखणी तितकीच कच्ची असते. ८ सप्टेंबर १९०० रोजी गॅल्व्हेस्टनवर आलेल्या चक्रीवादळात हजारो माणसे बुडाली आणि त्यानंतर तिथल्या लोकांनी समुद्राला भिंत घातली, शहराची जमीनही भर घालून उंच केली. देवबागलाही समुद्र पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, खात असतो, म्हणून ठिकठिकाणी दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे आहेत. मे २०२१ मधील तौक्ते वादळाने हा किनारा चांगलाच झोडपला होता. फोटोत हे दगड येतात म्हणून कुरकुर करणारे पाहुणे मी पाहिले आहेत. आपण तसे करू नये, कारण आपली खोली त्या दगडांच्याच भरवशावर उभी असते.

आता केव्हा जावे ते पाहू. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम आहे, पण दिवाळीची सुटी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा टाळावा, कारण त्या दिवसांत गर्दी आणि भाडे दोन्ही चढतात. फेब्रुवारीच्या सुमारास आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा असते. तिची तारीख ठरलेल्या तिथीला नसते, देवीच्या कौलाने ठरते. ती एकदा जाहीर झाली की कोकणात जाणाऱ्या गाड्या आणि मालवण तालुक्यातील खोल्या भरून जातात, म्हणून खोली घेण्यापूर्वी यजमानांना त्या तारखेविषयी विचारावे. आपल्याकडे पहाटे शेकोट्या पेटलेल्या असतात त्या जानेवारीत तिथे एक पातळ शाल पुरते.

महिना ठरला तरी काम अर्धेच झाले, कारण वाळूच्या पट्टीवरचा दिवस घड्याळापेक्षा भरती-ओहोटीने चालतो, आणि त्यासाठी भिंतीवरचे कॅलेंडर पुरेसे आहे. किनाऱ्यावरचा जुना ठोकताळा असा आहे की तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते, आणि त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. तिला मालवणात सुकती म्हणतात. एकादशीला अकराची पाऊणपट सव्वाआठ, म्हणजे सकाळी आणि रात्री सव्वाआठच्या सुमारास भरती आणि दुपारी अडीचच्या सुमारास सुकती. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती सव्वाअकराला, तर सुकती संध्याकाळी साडेपाचला. वद्य पक्षात अंक पुन्हा एकपासून धरावेत. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, परंतु बेत आखायला एवढे पुरते. पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात पाणी खूप चढते आणि तितकेच खाली उतरते. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा ही चढउतार थोडी असते.

हे मी अनुभवाने शिकलो. पहिल्या खेपेस कर्लीच्या मुखाशी असलेला वाळूचा उंचवटा पाहायला, ज्याला आता सर्वजण त्सुनामी बेट म्हणतात, मी सप्तमीच्या दिवशी दुपारी चार वाजता जाऊन उभा राहिलो. नावाड्याने माझ्याकडे पाहिले, पाण्याकडे पाहिले आणि म्हणाला, “बेट पाण्याखाली आसा, सकाळी येवा.” साताची पाऊणपट सव्वापाच, हे गणित त्याला विडी पेटवता पेटवता येत होते आणि मला येत नव्हते.

म्हणून आपल्यासाठी माझी सूचना अशी की पौष किंवा माघ शुद्ध दशमीला पोहोचावे आणि पौर्णिमा करून निघावे. दर दिवशी सुकती सुमारे पाऊण तास पुढे सरकत जाईल आणि शेवटच्या दोन दिवसांत, उन्हे उतरताना, मोकळी ओली पुळण आपल्या पायांखाली असेल. अशी ओली वाळू टणक असते, त्यामुळे ७२ वर्षांच्या गुडघ्यांनाही तिच्यावरून चालणे जड जात नाही. कोरड्या भुसभुशीत वाळूत मात्र तरुणांचीही दमछाक होते. वर चांदणे आहेच.

प्रवास रेल्वेने करावा. मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस भुसावळ आणि जळगावला थांबून कल्याण-पनवेलमार्गे कोकण रेल्वेवर जाते, त्यामुळे मुंबईत सामान घेऊन फलाट बदलण्याचा त्रास वाचतो. कोकणातील तिचे थांबे तिकीट काढताना पाहून घ्यावेत. आरक्षण ६० दिवस आधी खुले होते आणि पहिल्या-दुसऱ्या दिवशीच काढलेले बरे. उतरायला कुडाळ सोयीचे आहे. तिथून मालवण सुमारे ३० किलोमीटर आहे. वाटेत धामापूरचा तलाव लागतो. १५३० साली बांधलेला हा तलाव आजही पाणी देतो, त्याच्या काठी भगवतीचे मंदिर आहे, आणि २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. केळीला पाणी देण्यात ज्यांची हयात गेली त्यांनी तिथे अर्धा तास थांबावेच.

राहण्यासाठी मोठ्या हॉटेलापेक्षा माडांच्या बागेतले घरगुती निवास पाहावे. खोली तळमजल्यावर आहे ना आणि कमोड आहे ना, एवढे फोनवर विचारावे. पाणी जपून वापरावे, कारण अशा पट्टीवर पावसाचे गोडे पाणी वाळूत खाऱ्या पाण्यावर तरंगत असते आणि उपसा वाढला की विहीर मचूळ होते. उपशाने विहिरींचे पाणी खोल गेलेले पाहणाऱ्या रावेर-यावलच्या माणसाला याहून अधिक सांगण्याची गरज नाही.

मातोश्रींच्या जेवणाची चिंता करू नये, मात्र खोली ठरवतानाच ‘माळकरी’ हा शब्द उच्चारावा आणि स्वतंत्र भांड्यांत रांधाल का, असे स्पष्ट विचारावे. नुसते ‘शाकाहारी’ म्हटले तर मासे तळलेल्या तव्यावरच भाकरी भाजली जाण्याचा संभव असतो. काळ्या वाटाण्याची उसळ, ओल्या काजूंची उसळ, तांदळाची भाकरी, घावणे, नारळाच्या गोड रसातले शिरवाळे (तांदळाच्या शेवया) आणि सोलकढी या ताटात उणे काही नाही. शेंगदाण्याच्या कुटाची सवय असलेल्या जिभेला पहिल्या दिवशी सगळीकडे नारळ लागेल, म्हणून ठेच्याची एक बाटली बरोबर ठेवावी. एकादशीचा उपवास असेल तर शहाळी तिथे मिळतीलच आणि केळी आपण घरचीच न्याल.

उरले पाच दिवस. सिंधुदुर्ग एका सकाळी करावा. मालवणच्या धक्क्यावरून होडी जाते. शिवाजी महाराजांनी नोव्हेंबर १६६४ मध्ये कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, आणि चहूकडून खारे पाणी असताना आत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी आहेत. होडीत चढताना मातोश्रींना दोन्ही बाजूंनी धरावे. दुसऱ्या एका दिवशी सुकती पाहून कर्लीतून होडीने संगमापर्यंत जावे. बाकी काही ठरवू नये. पहाटे पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढत असतील तर तिथे जरूर उभे राहावे. दोन दोरांना दोन रांगा, ओल्या वाळूत टाचा रुतवून मागे कललेली माणसे, आणि शेवटचा माणूस दोर सोडून पुन्हा पुढे पाण्याकडे जाऊन तो धरतो. जाळ्याचा घेर आवळत येतो तसतशा वर घारी जमतात. एखादी रापण तास-दीड तास चालते. मातोश्री माळकरी असल्या तरी दोर ओढणारी माणसे पाहायला त्यांची हरकत नसावी, जाळे वर आले की मात्र त्यांना माडांच्या सावलीत न्यावे.

प्रश्न: आम्ही दोघेही धुळ्यात शिक्षक आहोत. सुटी मे महिन्यातच मिळते. खानदेशातल्या उन्हातून सुटका म्हणून मुलांना घेऊन देवबागला गेले तर चालेल काय?

उत्तर: जाता येईल, पण ‘सुटका’ हा शब्द काढून टाकावा. धुळ्यात पारा ४२-४३ अंशांवर असताना तिथे तो ३३-३४ वर असतो हे खरे, मात्र हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर अंग निवत नाही. आपला वाळ्याच्या पडद्यांचा कूलर ज्या कोरड्या हवेच्या जोरावर खोली गार करतो, ती हवाच तिथे नाही. म्हणून कूलरची खोली स्वस्त मिळते म्हणून घेऊ नये, एसीची घ्यावी आणि वीज गेल्यावर काय सोय आहे तेही विचारावे. निकाल लावून मोकळे होताच, मेच्या पहिल्या दहा दिवसांतच जाऊन यावे. त्यानंतर समुद्र खवळू लागतो. महिनाअखेरीस किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यावरचे खेळ बंद होतात, ते ऑगस्ट संपेपर्यंत. जून-जुलैत मासेमारीलाही बंदी असते.

दुपारी बारा ते चार मुलांना पुळणीवर सोडू नये. त्या वेळेसाठी हापूस, फणस, करवंदे आणि जांभळे आहेत, जी जानेवारीत जाणाऱ्यांच्या वाट्याला येत नाहीत.

प्रश्न: मी अमळनेरचा. विहिरीत आणि तापीच्या डोहात लहानपणापासून पोहत आलो आहे. देवबागच्या संगमावर पोहावे काय?

उत्तर: पोहू नये. विहिरीचे पाणी उभे असते, डोहाचे पाणी एकाच दिशेने जाते. संगमावर सुकती लागली की नदीचे आणि खाडीत चढलेले भरतीचे, अशी दोन्ही पाणी एका अरुंद तोंडातून समुद्राकडे धावतात आणि वरून ते पाणी संथ दिसते. तिथे हात मारण्याची ताकद उपयोगी पडत नाही. मोकळ्या किनाऱ्यावरही लाटांच्या दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये फेस नसलेला, गढूळसर पट्टा दिसला तर तो शांत समजून तिथे उतरू नये, कारण तिथूनच पाणी परत आत ओढले जाते. त्यात सापडलात तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजू नये, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर आत यावे.

पोहायचेच असेल तर भरती चढत असताना, तारकर्लीच्या मोकळ्या पुळणीवर, कमरेइतक्या पाण्यात आणि कोणीतरी काठावर उभे असताना उतरावे. आधी तिथल्या एखाद्या रापणकराला जागा दाखवून विचारावे. तो मान हलवून नाही म्हणाला, तर त्या दिवशी खाडीच्या बाजूला गुडघाभर पाण्यात बसून तिसऱ्या (शिंपल्या) वेचाव्यात.