१४ दिवे आधी की वायरिंग?

नमस्कार. घरातले ६० वॉटचे सगळे १४ पिवळे बल्ब काढून हप्त्यांवर एलईडी बसवायचे की साठवलेल्या पैशांतून जुनी वायरिंग दुरुस्त करायची, असं तुम्ही विचारलंय. दोन होल्डर तपकिरी पडलेत, हे तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंत. मी सुरुवात तिथूनच करतो.

होल्डर तपकिरी पडला म्हणजे तिथे उष्णता साचते आहे. बल्बची तरी, नाहीतर सैल जोडणीची. एलईडी लावला की वीजप्रवाह घटेल, पण ठिसूळ झालेलं वायरचं आवरण काही परत मऊ होणार नाही. म्हणून पहिला खर्च इलेक्ट्रिशियनचा: होल्डर बदला, जोडण्या आणि अर्थिंग तपासून घ्या आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप पडणारा स्विच, वायरला जास्तीच्या भारापासून वाचवतो, शॉक बसणाऱ्या माणसाला नाही. हा खर्च किती वर्षांत वसूल होईल, असा हिशेब इथे मांडूच नका.

बल्बचा हिशेब मात्र जरूर मांडा, पण नग मोजून नव्हे, तास मोजून. ६० वॉटच्या जागी ९ वॉटचा एलईडी साधारण तेवढाच उजेड देतो, म्हणजे ५१ वॉट वाचतात. रोज पाच तास जळणारे तुमचे चार दिवे बदलले तर वर्षाला सुमारे ३७२ युनिट वाचतील. माळा, जिना, न्हाणीघर वगैरे ठिकाणचे उरलेले दहा दिवे रोज पंधरा मिनिटं लागतात असं धरलं, तर त्या दहांचे मिळून जेमतेम ४७! तेव्हा आत्ता चारच घ्या, रोखीने. बाकीचे जसे जातील तसे बदला. व्याज भरून बल्ब घेण्याचं काहीच कारण नाही.

होल्डरवर ‘कमाल ६० वॉट’ लिहिलंय, तिथे ‘१०० वॉटइतका उजेड’ देणारा एलईडी चालेल का? चालेल. ती मर्यादा प्रत्यक्ष वॉटची असते आणि असा एलईडी १२ ते १५ वॉटच घेतो. फक्त पूर्ण बंद काचेच्या शेडमध्ये लावणार असाल तर तशा वापरासाठीचाच घ्या. कोंडलेल्या उष्णतेने आतलं सर्किट लवकर जातं, आणि मग १५,००० तासांच्या आयुष्यावर मांडलेला सगळा हिशेब कोलमडतो.

बचत झाली का, हे बिलाच्या रकमेवरून ठरवू नका, दर बदलत राहतात. मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याचे युनिट शेजारी ठेवून बघा.