डंपरच्या इंजिनातील पाण्याच्या वाटा रसायनाने धुताना
चंद्रपूर-वणी भागातील खुल्या कोळसा खाणींत रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी भरत राहिल्यास सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटांत क्षारांचा थर बसतो आणि इंजिन तापू लागते. तुम्ही हे काम नव्याने शिकत आहात, म्हणून आग्रहाने सांगतो, की हा थर विरघळवायला लगेच आम्ल ओतू नका. ऑइल कूलर (इंजिनचे तेल पाण्याने थंड करणारा भाग) गळून पाण्यात तेल मिसळले असेल, तर तेलाच्या पापुद्र्याखालच्या थरापर्यंत आम्ल पोहोचतच नाही, त्यामुळे गळती दुरुस्त करून आधी तेल काढणाऱ्या द्रावणाने वाटा धुवाव्यात. ॲल्युमिनियमचे भाग असतील, तर हायड्रोक्लोरिक आम्ल आणि कॉस्टिक सोडा दोन्ही टाळावेत. माझी पसंती सायट्रिक आम्लाला आहे. थर्मोस्टॅट (तापमानानुसार पाण्याची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) काढून सुमारे ५ टक्क्यांचे कोमट द्रावण फिरवावे आणि त्याची आम्लता वरचेवर तपासावी; ती घटायची थांबली, की थर बहुधा संपलेला असतो, मात्र पूर्ण बुजलेल्या वाटेत द्रावण शिरलेलेच नसते, हेही ध्यानात ठेवावे. या क्रियेत कार्बन डायऑक्साइड सुटतो, म्हणून झाकण घट्ट लावू नये. नंतर सोडा ॲशच्या (धुण्याच्या सोड्याच्या) पातळ द्रावणाने उरलेले आम्ल मारून भरपूर पाण्याने धुवावे आणि त्याच दिवशी क्षारमुक्त पाणी व कूलंट भरावे, कारण उघडे पडलेले लोखंड फार लवकर गंजते.